काचेवरचं कुंकू

"माझ्या पोरानं सवताच्या हातानं मरण वढवून घेतलं, असं म्हनत्यात. तुमी सांगा ताई, हे खरं हाय का?"

भागूबाई खुर्चीत बसल्या नव्हत्या. कासारवाडी स्टेशनाजवळच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्या दाराशीच उभ्या राहिल्या होत्या, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. दसरा उलटून आठवडाही झाला नव्हता.

अरुंधती सबनीस उठल्या, त्यांना हाताला धरून बसवलं आणि पाणी दिलं. विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी करण्यात त्यांची उमर गेली होती. आता त्या स्वतःची कामं घेत. मोडलेली यंत्रं आणि मोडलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, तरी अशा प्रश्नाला उत्तर देणं त्यांना अजून जमत नसे.

"सगळं पहिल्यापासून सांगा, मावशी."

महाळुंग्याच्या एका कारखान्यात, ओजस प्रेस पार्ट्स त्याचं नाव, भागूबाईंचा मुलगा गोरक्ष प्रेस चालवत असे. पत्रा आत सरकवायचा, वरून लोखंडाचा घण खाली येतो, भाग कापला जातो, पुन्हा पत्रा. खंडेनवमीला सकाळी कारखान्यात सगळ्या मशीनची पूजा झाली. दुपारी गोरक्ष चार नंबरच्या प्रेसमध्ये सापडला. खांद्यापर्यंत आत ओढला गेला होता.

"कंपनी म्हनती, मशीनच्या तोंडावर जाळी असती, ती त्यानं काढली. काम लवकर उरकाया. सोमवारी सरकारी सायेब येनार हायेत. त्यांनी तसंच लिवलं म्हंजी झालं. मग जलमभर तेच."

"तुम्हाला का वाटतं त्यानं काढली नसेल?"

"आवो, पूजा केलेल्या मशीनला त्या दिशी कुनी हात लावतं का? माझा गोरक्ष तर खंडोबाचा भगत. मशीनला कुंकूसुदिक लावायचा न्हाई, भंडाराच लावायचा, मूठभर. त्यो त्या दिशी मशीन चालू करंल? आन माझी सून, हर्षाली. तिला बी त्यांचंच खरं वाटतंय. नवऱ्याचा फोटू भिंतीला लावू देईना. म्हनती, लेकराचा इचार न करता घाईघाईनं मेला, त्याला हार कशाला?"



पलीकडच्या टेबलावर गुरुदत्त लिमये मान खाली घालून कॅमेऱ्याशी चाळा करत होते. बँकेतून निवृत्त झालेले, रावेतला अरुंधतीबाईंच्या शेजारी राहणारे, आणि दुपारचा वेळ जात नाही म्हणून या ऑफिसात येऊन बसणारे. माणूस सज्जन, पण डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागे. भागूबाई गेल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "घ्या हे काम. माझी दुपारची झोप गेली तरी चालेल."

"झोप कसली, तुमचे तर फोटोसुद्धा झोपलेलेच असतात."

हा टोमणा गुरुदत्तांना झोंबला. दिवाळीची वाट न बघताच त्यांनी महागडा कॅमेरा घेतला होता आणि लेन्सला ओरखडा येऊ नये म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून तोंडावर एक काचेचा फिल्टर बसवून घेतला होता. तेव्हापासून फोटो काही मनासारखे येत नव्हते.

"फिल्टर कसला घेतलात?"

"त्यात कसला म्हणजे? साधी काच. पारदर्शक. शिवाय स्वस्त मिळाली."

"फिल्टरसकट एक आणि काढून एक, असे दोन फोटो घ्या बघू. खिडकीतून, समोरच्या दुकानाच्या दिव्यांचा."

गुरुदत्तांनी कुरकुरत एक फोटो घेतला, मग फिल्टर फिरवून काढला आणि दुसरा घेतला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा त्यांचा चेहराच पडला. फिल्टर असलेल्या फोटोत पाटीवरची अक्षरं मऊ पडली होती आणि प्रत्येक दिव्याचं एकेक हिरवट, उलटं पिल्लू फोटोच्या दुसऱ्या बाजूला उमटलं होतं. फिल्टर नसलेल्या फोटोत अक्षरं लख्ख होती, पिल्लांचा पत्ता नव्हता.

"चांगली काच असती तर एवढं दिसलं नसतं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "स्वस्त काच उजेड आत घेताना थोडा परत फेकते. लेन्स वाचते, फोटो मरतो. चला, महाळुंग्याला जायचंय."

*

ओजसच्या फाटकावर अजून झेंडूची तोरणं होती. वाळून तपकिरी झालेली, कुणी काढली नव्हती.

प्लँट मॅनेजर केयूर दातार इस्त्रीच्या शर्टातला, चाळिशीचा माणूस होता. बोलणं गोड, पण नजर घड्याळावर.

"मॅडम, आम्हालाही फार वाईट वाटलं. पण वस्तुस्थिती स्पष्ट आहे. गार्डची जाळी हलकी असते, दोन खुंट्यांवर अडकवलेली. एका माणसाला सहज काढता येते. अपघातानंतर ती मशीनच्या शेजारी भिंतीला टेकवलेली सापडली. आणि सकाळी ती जागेवर होती, याचा आमच्याकडे फोटो आहे."

"कुणी काढला?"

"पूजेचे फोटो काढायला गावातला फोटोग्राफर बोलावला होता, मुरारी. संध्याकाळी पोलिसांच्या पंचनाम्याचे फोटोही त्यानंच काढले. फोटोवर सकाळची वेळ आहे. कॅमेरा खोटं बोलत नाही."

"खंडेनवमीला मशीन का चालवलं?"

दातारांनी घड्याळ पाहिलं. "अर्जंट डिस्पॅच होता. कुणावर सक्ती नव्हती. ओव्हरटाइम ज्यांना हवा त्यांनी केला."

"पंचनाम्यानंतर तुम्ही कुठे होता?"

"पोलीस चौकीत. मग फाइल न्यायला परत आलो, पुन्हा गेलो. का?"

"काही नाही. सवय."

सुपरवायझर आदिनाथ शेडच्या दाराशी भेटला. गोरक्षच्याच गावचा, त्याच्याच वयाचा. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"लहानपणापासून एका ताटात जेवलो आमी, म्याडम. दवाखान्यात मीच नेलं त्याला. रात्रभर तितंच व्हतो. मधी एकदाच आलो, त्याचा डबा न्यायला."

"जाळी सकाळी होती?"

आदिनाथनं बुटाच्या टोकानं जमीन टोकरली. "फोटूत हाय म्हनत्यात. मग असंल."

"मी फोटोचं विचारत नाही. तुम्ही पाहिलीत का?"

"पूजेच्या गडबडीत कोन बघतंय," असं म्हणून तो वळला आणि गेला.

"हाच," गुरुदत्त कुजबुजले. "नजर बघितलीत?"

"नजर खाली गेली म्हणजे माणूस खुनी होत नाही, गुरुदत्तराव. काही लपवतोय एवढंच कळतं."

सेफ्टी ऑफिसर अबोली कारखानीस यांनी मात्र त्यांचं मनापासून स्वागत केलं. तिशीची, चटपटीत बाई. त्यांनी स्वतःहून चहा मागवला आणि न मागता पेन ड्राइव्ह पुढे केला.

"यात सगळे फोटो आहेत. पूजेचेही आणि पंचनाम्याचेही. त्या आजींना काही लपवलं जातंय असं वाटू नये. मलासुद्धा झोप लागत नाही. दर महिन्याला मी प्रत्येक मशीनचा गार्ड तपासते हो! तरी माणसं ऐकत नाहीत."

चहाचा कप उचलताना त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची पट्टी दिसली.

"काय लागलं?" गुरुदत्तांनी काळजीनं विचारलं.

"पूजेचा नारळ मीच फोडला ना सकाळी. करवंटीची कड लागली. खोल गेलीय." त्या हसल्या. "तो दिवसच वाईट."

"पंचनाम्यानंतर तुम्ही थांबलात?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"छे! मला ते बघवेना. कंपनीच्या गाडीनं लगेच रावेतला घरी गेले."

"आणि फोटोग्राफरचा कॅमेरा?"

"टाइम ऑफिसात ठेवून घेतला होता, फोटो कॉपी करायचे म्हणून. किल्ली खुंटीलाच असते, कुणीही घेतं. दुसऱ्या दिवशी आल्यावर मी कॉपी केले आणि मुरारीला कॅमेरा परत दिला."

*

मुरारीचा फोटो स्टुडिओ महाळुंग्याच्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर होता. भिंतींवर बारशांचे, लग्नांचे, वाढदिवसांचे फोटो. अरुंधतीबाई एकेका फोटोपुढे थांबत गेल्या. सगळ्यांवर सायीसारखा मऊ पडदा होता आणि मांडवाच्या दिव्यांची हिरवी पिल्लं नवरानवरीच्या अंगावर उतरलेली होती.

"माझी इष्टाइल हाय ती," मुरारी अभिमानानं म्हणाला. "गिऱ्हाइकाला आवडतं. तोंडावरचे डाग दिसत न्हाईत."

"कॅमेरा दाखवता?"

त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला आणि झाकण जपून, दोन बाजूंना नखं लावून उचललं. "हात सांभाळा म्याडम, कड लागती."

लेन्सच्या तोंडावर फिल्टरची नुसती कडी उरली होती. आतली काच गेलेली, पण कडेच्या खाचेत बारीक अणकुचीदार तुकडे तसेच अडकून होते.

"हे कधी फुटलं?"

"त्याच दिशी. संध्याकाळी. पोलीस म्हनले, पंचनाम्याचे फोटू काढ. मी आत गेलो आन..." मुरारीनं तोंडावरून हात फिरवला. "गोरक्ष माझ्या भनीच्या लग्नात वाढपाला व्हता म्याडम. त्याचा हात तिथं... माझा तोल गेला. कॅमेरा खांबावर आपटला, काच तडकली. कडी किती वर्सांची जाम झालेली, फिरंना. मग रुमालानं काच पाडून टाकली आन तसेच फोटू काढले. नुसती काच तर हाय ती, फोटूला काय फरक पडतोय?"

"सकाळच्या पूजेला ती काच होती?"

"व्हती की. त्याच काचेवर तर आमच्या मंडळींनी सकाळी कुंकू लावलं. खंडेनवमीला आपलं हत्यार म्हंजी कॅमेराच! तुपात कालवलेलं कुंकू, बरोबर भिंगाच्या मधी. मी म्हनलं, अगं येडे, कडेला लाव. मग बाहीनं पुसलं."

"नीट निघालं?"

"निघालं की. थोडं खालच्या कोपऱ्याकडं सरकलं असंल." तो ओशाळून हसला.

गुरुदत्तही हसले. अरुंधतीबाई हसल्या नाहीत. त्या झाकण उलटं करून पाहत होत्या. आतल्या बाजूला, कडेशी, एक तपकिरी डाग वाळला होता.

"हा डाग?"

"त्ये बी कुंकूच असनार. कॅमेरा परत मिळाला तवा दिसलं."

"चार नंबरच्या प्रेसचा, जाळी असलेला फोटो तुम्ही काढलात?"

"एवढ्या मशिनी, एवढे फोटू. वेळ सकाळची हाय म्हंजी मीच काढला असनार की."

"कॅमेऱ्यातलं कार्ड आहे?"

"दसऱ्याला साखरपुड्याची ऑर्डर व्हती, पुसलं ते."

"हे झाकण मी काही दिवसांसाठी नेते," अरुंधतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते स्वच्छ रुमालात गुंडाळलं.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गुरुदत्तांनी फोटो मोठ्या पडद्यावर लावले.

पंचनाम्याचे फोटो भयंकर स्पष्ट होते. लोखंडावरचा प्रत्येक थेंब, तुटलेल्या घड्याळाचा पट्टा, खांबाला लागलेली हळद. गुरुदत्तांनी ते घाईनं पुढे ढकलले.

"आता पूजेचे. हे पाहा, मुरारीची इष्टाइल! हिरवी पिल्लं सगळीकडे. आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात धुकंच धुकं."

"आरतीचा फोटो थांबवा."

"हो, हा. अबोलीबाईंच्या दोन्ही हातांत ताट. निरांजन, फुलं, नारळाची शकलं. फोटो एवढाही वाईट नाही हं, नखांचा लाल रंग अंगठ्यापासून करंगळीपर्यंत दिसतोय. कोपरा तेवढा गेलाय. तिथे धुक्यात कुणीतरी पिवळा हात पुढे केलाय, बाकी काही कळत नाही."

अरुंधतीबाई त्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"आता जाळीचा."

चार नंबरची प्रेस. मशीनच्या तोंडावर जाळी, तिच्यावर झेंडूची माळ, मधोमध हळदीचं आणि कुंकवाचं एकेक रेखीव बोट. वर छताचे पाचही दिवे फोटोत आलेले.

"वा! हा मात्र मुरारीला साधलाय," गुरुदत्त म्हणाले. "जाळीची तार अन् तार मोजून घ्या. कुंकवाचे कण दिसतायत."

"हो ना," अरुंधतीबाई म्हणाल्या. "नको इतका साधलाय."

गुरुदत्तांनी मान डोलावली. अर्थ त्यांना कळला नव्हता.

संध्याकाळी त्या एकट्याच भागूबाईंच्या घरी जाऊन आल्या. हर्षाली उंबऱ्यात बसून मुलीची वेणी घालत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"सोमवारी तुम्हीही या," अरुंधतीबाईंनी तिला सांगितलं.

"कशाला? सगळ्यांसमोर ऐकायला, का माझा नवरा मूर्ख होता म्हणून?"

"नव्हता हे ऐकायला."

वेणी घालणारा हात थांबला.

*

सोमवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये टेबलं जोडून चौकशी बसली. कारखाना निरीक्षक आले होते, सोबत चौकीचे फौजदार. एका बाजूला दातार, अबोली कारखानीस आणि आदिनाथ. दुसरीकडे मुरारी. भागूबाई आणि हर्षाली भिंतीशी. कामगारांना आत येऊ दिलं नव्हतं, पण खिडक्यांच्या जाळ्यांना चेहरे लागले होते.

"निष्कर्ष सरळ दिसतोय," निरीक्षक म्हणाले. "गार्ड सकाळी होता, दुपारी नव्हता. मधल्या वेळात मशीनवर फक्त मयत होता. तुम्हाला काही सांगायचंय म्हणे?"

अरुंधतीबाई उठल्या. गुरुदत्तांनी भिंतीवर फोटो टाकायची सोय केली होती.

"साहेब, गार्ड सकाळी होता हे एका फोटोवरून ठरलंय. मला त्या फोटोबद्दलच बोलायचंय. मुरारीच्या लेन्सवर कैक वर्षं एक स्वस्त काचेचा फिल्टर होता. त्याच्या स्टुडिओतला कुठलाही फोटो बघा, मऊ पडलेला आणि दिव्यांची हिरवी पिल्लं उमटलेला. खंडेनवमीला सकाळी त्याच काचेवर तुपातलं कुंकू लागलं. त्यानं बाहीनं पुसलं आणि ते एका कोपऱ्याला फासलं गेलं. म्हणून त्या सकाळच्या प्रत्येक फोटोत पिल्लं आहेत, आणि त्याच एका कोपऱ्यात धुकं आहे. प्रत्येक फोटोत."

गुरुदत्तांनी एकामागून एक फोटो दाखवले.

"संध्याकाळी पंचनाम्याच्या वेळी काच फुटली. त्यानंतरचे फोटो हे असे आहेत." भागूबाईंकडे पाहून त्यांनी फक्त मशीनच्या पायाचा एक फोटो निवडला होता. "लख्ख. पिल्लं नाहीत, धुकं नाही. आता हा जाळीचा फोटो. पाच दिवे समोर आहेत. एकाचं तरी पिल्लू दिसतंय?"



"अरे!" गुरुदत्त मोठ्यानं म्हणाले. "म्हणजे हा काच फुटल्यानंतरचा!"

"हो, गुरुदत्तराव. गोरक्ष गेल्यानंतरचा."

"पण फोटोवर वेळ सकाळची आहे," दातार म्हणाले.

"कॅमेऱ्याचं घड्याळ दोन बटणांत मागं नेता येतं, आणि काम झालं की पुन्हा पुढं. फाइलचं नाव बदलता येतं. फुटलेली काच मात्र परत बसवता येत नाही. ज्यानं हे केलं त्याला वाटलं, मुरारीला वाटलं तसंच, की ती नुसती काच आहे, तिनं फोटोला काय फरक पडतोय. आणखी एक. गोरक्ष मशीनला कुंकू लावत नसे, मूठभर भंडारा लावायचा. पंचनाम्याच्या फोटोत खांबाला नुसती हळद फासलेली आहे. आणि या जाळीवर? हळद आणि कुंकू, शेजारी शेजारी, रेखीव बोटांनी. ही पूजा गोरक्षची नाही. ही त्याच्यामागं कुणीतरी उभी केलेली पूजा आहे."

"म्हणजे गार्ड..." निरीक्षकांनी सुरुवात केली.

"गार्ड सकाळी नव्हताच. अपघातानंतर कुठून तरी आणून भिंतीला टेकवला. पंचनामा झाल्यावर, शेड रिकामी असताना, खुंट्यांवर अडकवून सजवला, फोटो घेतला आणि पुन्हा काढून ठेवला. कॅमेरा टाइम ऑफिसात होता, किल्ली खुंटीला. दातार फाइल न्यायला परत आले होते. आदिनाथ डबा न्यायला आला होता. दोघांनाही संधी होती."

आदिनाथनं डोकं हातांत धरलं.

"पण कॅमेऱ्याला झाकण होतं. मुरारीला ठाऊक होतं की कडीत काचेचे तुकडे आहेत, तो जपून उघडतो. परक्या माणसाला ते माहीत नव्हतं. त्यानं झाकणाशी बोट घातलं आणि कापून घेतलं. झाकणाच्या आत डाग आहे. मुरारीला तो कुंकवाचा वाटला. मला नाही वाटत." त्यांनी रुमालातलं झाकण फौजदारांपुढे ठेवलं. "तपासून घ्या. अबोलीताई, तुमच्या बोटाला काय झालं म्हणालात?"

"नारळ," अबोली म्हणाली. "सांगितलं ना. सकाळी नारळ फोडताना."

"गुरुदत्तराव, आरतीचा फोटो."

भिंतीवर ताट उजळलं.

"ताटात नारळाची शकलं आहेत, म्हणजे नारळ फुटून झालाय. आणि ताट धरणारी दहाही बोटं मोकळी आहेत. गुरुदत्तरावांनी तर नखांचा रंगही सांगितला होता. ना पट्टी, ना जखम."

अबोलीनं पट्टीचं बोट मुठीत लपवलं. लहान मुलानं लपवावं तसं, सगळ्यांसमोर. मग ती रडू लागली.

"मी दर महिन्याला सही केली होती. गार्ड ठीक, गार्ड ठीक. जाळी गुढीपाडव्यापासून साच्यांच्या स्टोअरमध्ये पडून होती. मी दोनदा बोलले, सर म्हणाले जाळीमुळे काम संथ होतं, तू सही कर. त्या दिवशी म्हणाले, सकाळी गार्ड होता असं काहीतरी दाखवावं लागेल, नाहीतर आधी तू आत जाशील. मी घरी गेलेच नव्हते. मला लहान मुलगा आहे हो."

"मी असं काहीही सांगितलेलं नाही!" दातार उभे राहिले.

"बसा," फौजदार म्हणाले.

"जाळी मी काढली." आदिनाथचा आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "पाडव्याला. सायबांनी सांगितलं, मी काढली. आन खंडेनवमीला मशीन चालू करायला त्याला मीच सांगितलं. त्यो न्हाई म्हनला. म्हनला, आज देव बसलाय मशीनवर. मी म्हनलं, गोरक्षा, तू न्हाई केलंस तर सायेब मला घरी बसवतील. माझ्यासाटी कर." तो भागूबाईंकडे वळला. "माझ्यासाटी केलं त्यानं, मावशी."

भागूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. 

"आन तू मला आठ दिस सांगत व्हतास," त्या म्हणाल्या, "की त्यानं घाई केली."

त्यापुढे त्या त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, आणि नंतरही कधी नाही.

निरीक्षकांनी लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला. "माझी खात्री पटलीय. पण जाळी सकाळी नव्हती याचा थेट पुरावा असता तर..."

"आहे. याच फोटोत." अरुंधतीबाई भिंतीजवळ गेल्या आणि धुकट कोपऱ्यावर बोट ठेवलं. "चार नंबरचे सगळे फोटो अबोलीताईंनी काढून टाकले. हा ठेवला, कारण यात त्या स्वतः आरती करतायत. मागे काय आलंय ते त्यांना दिसलं नाही. कुंकवानं झाकलं होतं. नीट बघा. हा चार नंबरचा खांब. हा भंडाऱ्यानं पिवळा झालेला गोरक्षचा हात. हातात झेंडूचं फूल आहे आणि हात सरळ मशीनच्या तोंडात गेलाय, आतल्या लोखंडावर फूल वाहायला. मध्ये जाळी असती तर हात आत गेला असता का?"

खिडक्यांबाहेर कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला.

हर्षाली उठली. टेबलांना वळसा घालून ती भिंतीपाशी आली आणि अगदी जवळून पाहू लागली. जवळून तर काहीच दिसत नव्हतं, नुसता तांबूस धूर आणि त्यात एक पिवळा हात, एक खांदा, मान किंचित कललेली.

"हे हसतायत," ती म्हणाली.

कुणालाच ते दिसत नव्हतं. पण कुणी तसं म्हणालं नाही.

*

दातारांना आणि अबोलीला फौजदार घेऊन गेले. पुढे खटला उभा राहील, तारखा पडतील, वकील येतील. त्यातलं काहीच गोरक्षला परत आणणार नव्हतं. अरुंधतीबाईंना याचा राग येत होता आणि तो कुणावर काढावा हे त्यांना कळत नव्हतं. चौकशीच्या कागदावर मात्र मृताचा कोणताही दोष नाही असं लिहिलं गेलं. भागूबाईंनी ते वाक्य निरीक्षकांकडून दोनदा वाचून घेतलं.

गुरुदत्तांनी त्या कोपऱ्याचा मोठा फोटो छापून काचेच्या चौकटीत बसवून घेतला आणि दोघं तो द्यायला घरी गेले.

"मी कॉम्प्युटरवर थोडा साफ करून देऊ शकतो," गुरुदत्त म्हणाले. "धूसर आहे फार."

हर्षालीनं फोटो हातात घेतला. तिनं पदराच्या टोकानं काच पुसली, खिळा कुठे ठोकायचा ते भिंतीवर बघितलं आणि मुलीला हार आणायला आत पाठवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "साफ करायला गेलात तर भंडारा पण जाईल हातावरचा."